माहिलपूरची मॅच आणि सासूबाईंचा डबा

८ फेब्रुवारी १९७९, गुरुवार. चंडीगड

मागच्या अंगणातल्या नळाखाली सासूबाईंचा पितळी डबा चिंच लावून घासत होते. चार पुडांचा, वर कडीचा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला. फेब्रुवारीत इथलं पाणी बोटांना चावतं, त्यामुळे हात झपाट्याने चालला होता. शनिवारी आम्हाला फुटबॉलची मॅच बघायला माहिलपूरला जायचं होतं, आणि रोजच्या स्टीलच्या डब्याची कडी दिवाळीत कसौलीला तुटून दरीत गेली होती.

हा पितळी डबा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गेल्या जूनमध्ये कोल्हापूरहून येताना आणला. भांड्यांपैकी एवढं एकच. बाकी संसार त्यांनी तिथल्या खोलीत कुलूपबंद केला आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. डबा आठ महिने त्यांच्या खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. सकाळी मी विचारलं, "मामंजी, प्रवासाला तो डबा घेऊ का?"

"घे की. पडूनच हाय," म्हणाले. मग खुर्ची उन्हात ओढून माझ्यासमोर बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "कडीच्या बुडात बघ, सुमन. तिथं काळं ऱ्हातंय. ती काडीनं काढायची."

मी काडीने काढलं.

सासूबाई गेल्या वर्षी एप्रिलात गेल्या. त्यानंतर महिनाभरातच मामंजींना न्हाणीघरात चक्कर आली. आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं. हे जाऊन त्यांना घेऊन आले. चंडीगडात त्यांना काही कमी पडलं असं नाही, पण त्यांचं इथे काही जमलंही नाही. सप्टेंबरात एकदा फिरायला गेले ते परतताना आमच्याच नंबरच्या, पण दुसऱ्या सेक्टरमधल्या घराच्या व्हरांड्यात जाऊन बसले. घर हुबेहूब तसंच, जाळीसुद्धा तशीच. त्या घरच्या बाईंनी चहा दिला, तो त्यांनी प्यायला आणि मी कुठे दिसत नाही म्हणून वाट बघत राहिले. सापडले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या दिवसापासून फाटकाबाहेर पाऊल टाकणं बंद. पोस्टाने येणारं चार दिवसांचं शिळं मराठी वर्तमानपत्र, ऊन आणि खुर्ची. जानेवारीत एक दिवस जेवताना म्हणाले, "मार्चात मी जातो गावाकडं."

तिकीट यांनीच काढलं, तीन मार्चचं. वडिलांना नाही म्हणायची यांना सवय नाही, आणि हो म्हटल्यावर यांना झोप लागत नाही. मला ते जायला नको होते. कोल्हापुरात त्यांचं आता कोणी नाही, न्हाणीघराला कडी आतूनच लागते, आणि दर वेळी दार फोडायला शेजारी घरात असतीलच असं नाही. पण हे मी त्यांना तोंडाने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सून सासऱ्याला 'राहा' म्हणते ते फार तर जेवायला.

मॅचचा विषय निघाला तो आधीच्या रविवारी. शेजारची परमजीत भिंतीपलीकडे स्वेटर विणत बसली होती. तिचे यजमान यांच्याच ऑफिसात. ती मला म्हणाली, "भैणजी, शनिवार नूं मेरे पेके मॅच है. चंडीगड की टीम जा रही है, सरकारी दफ्तरों वाली. सारा इंतजाम मेरे दारजी का है." दारजी म्हणजे तिचे वडील, माहेर माहिलपूर. त्या भागात फुटबॉलचं वेड किती आहे हे ती सांगत होती आणि मी तांदूळ निवडत हं हं करत होते. तेवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"ग्राउंड मातीचं का हिरवळीचं?"

परमजीतने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं.

"घास है, बाऊजी. बस गोल के सामने मिट्टी है."

"गोलासमोर मातीच अस्तीया सगळीकडं," मामंजी म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले.

आठ महिन्यांत त्यांनी 'टपाल आलं का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं आणि परमजीतला विचारलं, बसमध्ये दोन जागा आहेत का.

जे कोल्हापूरचे नाहीत त्यांना एक सांगायला हवं. आमच्या गावात फुटबॉल हा पेठापेठांचा, तालमी-तालमींचा मामला आहे. माझं लग्न ठरताना माझ्या भावांनी मुलाच्या पगाराआधी वडिलांची तालीम विचारली होती. ती विरुद्ध पेठेतली निघाली तेव्हा घरात दोन दिवस गंभीर वातावरण होतं. मामंजी गूळ बाजारात कारकून होते, पण पेठेत त्यांना ओळखायचे ते गोलकीपर म्हणून. अनवाणी खेळायचे. खेळणं सुटल्यावरही चाळीस वर्षं मॅच बघितली ती गोलाच्या मागे उभं राहून. बाकावर कधी बसले नाहीत.

यांनी हरकती घेतल्या. एवढ्या लांब बसने? थंडीत? रात्री राहायचं? ओळख ना पाळख? आप्पांना, म्हणजे मामंजींना, तिथे काही झालं तर? ऑफिसात मार्चअखेरचं काम असल्यामुळे ते स्वतः येऊ शकत नव्हते, म्हणून हरकती जास्त होत्या. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. गोळ्या, थर्मास, जेवणाचा डबा, घोंगडी, कानटोपी, घडीचं स्टूल, टॉर्च, जादा धोतर, अशा अकरा वस्तू. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "छत्री नाही लिहिलीस."

"फेब्रुवारीत छत्री कशाला?"

"असावी."

छत्री लिहिली नाही. पण हरकती संपल्या असा मी अर्थ घेतला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर स्वयंपाक. दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, त्या तीन दिवस टिकतात. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि वरच्या पुडात गूळपोळ्या. दोघांना दोन दिवस पुरेल एवढं. लोकांच्या घरी उतरायचं, पण त्यांच्या चुलीवर भार टाकायचा नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. परमजीत आदल्या संध्याकाळीच माहेरी गेली होती, नाहीतर तिने मला तिथेच थांबवलं असतं.

मामंजींनी आपलं धोतर स्वतः घडी घालून गादीखाली दाबून ठेवलं. इस्त्रीला देते म्हटलं तर म्हणाले, "ग्राउंडवर कोण बघतंय?" तरी घडी तीनदा काढून घातली.

१० फेब्रुवारी, शनिवार. माहिलपूर

सतरा सेक्टरच्या स्टँडवरून साडेसातला बस निघाली. धुक्यात समोरची झाडंसुद्धा दिसत नव्हती. बसमध्ये खेळाडू पंधरा, हौशी पाच-सहा, बाईमाणूस मी एकटी. खेळाडू म्हणजे पोरं नव्हेत, फायलींवर शिक्के मारणारी तिशीतली माणसं. दोघांना पोटं सुटलेली. आम्हाला पुढची जागा दिली. खराडच्या पुढे खड्ड्यात थर्मासचं बूच उडालं आणि अर्धा चहा चेंडूंच्या पिशवीत गेला. मी पदराने चेंडू पुसायला लागले. मामंजींनी त्यातला एक घेतला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "हवा जास्त हाय."

"क्या कहते हैं बाऊजी?" गोलकीपरने विचारलं. बिट्टू त्याचं नाव. लेखा विभागातला.

"कहते हैं, हवा ज्यादा है."

"बाऊजी को पता है?"

"गोलकीपर थे," मी म्हटलं. "नंगे पांव."

बिट्टूने चेंडू घेऊन स्वतः दाबून बघितला, मग सुई घालून थोडी हवा काढली. त्यानंतर रोपड येईपर्यंत तो आमच्या मागच्या बाकावर बसून मामंजींना प्रश्न विचारत होता आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. सतलज कधी ओलांडली ते कळलंच नाही. धुकं विरलं तेव्हा दोन्ही बाजूंना मोहरी होती, उजवीकडे शिवालिकच्या बुटक्या टेकड्या, आणि बलाचौरच्या पुढे ऊस दिसायला लागला. मामंजी खिडकीकडे सरकले.

"तोडणी चाललीया," म्हणाले. "उशिरा हाय आपल्यापेक्षा."

माहिलपूरला बस थेट मैदानाशी थांबली. दारजी वही घेऊन उभे होते. उंच, सत्तरी ओलांडलेले, पांढरी पगडी, अंगावर लोई, म्हणजे जाड लोकरी शाल. पाहुण्या टीमला तिथे हॉटेलात किंवा शाळेत उतरवत नाहीत. दोन-दोन खेळाडू एका-एका घराचे पाहुणे. दारजी नाव वाचायचे, आणि ज्याचं घर तो माणूस पुढे येऊन खेळाडूची पिशवी खांद्यावरून काढून घ्यायचा. ज्यांच्याशी दुपारी भिडायचं त्यांच्याच घरी सकाळी पराठे खायचे. आमच्या पेठेत हे सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. आमच्याकडे मॅचच्या दिवशी दुसऱ्या पेठेतली सून माहेरी फिरकत नाही.

आम्ही दारजींच्या घरी. परमजीतची आई, बीजी, दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी मला मिठी मारली, मामंजींसमोर हात जोडले, आणि मग त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्याकडे गेली.

"इह की है, पुत?"

"खाना है, बीजी," मी मोठ्या समाधानाने सांगितलं. "दो दिन का. आपको तकलीफ न हो."

बीजी तशाच वळल्या. आत गेल्या. परमजीतने मला बाजूला ओढलं.

"भैणजी, ये क्या किया? मेहमान अपनी रोटी बांध के आया, यह गली वालों ने देखा तो बीजी कल किसी को मुंह दिखाएगी?"

वीस वर्षं प्रवासाला डबे भरत आले, एवढी लाज कधी वाटली नव्हती. परत पिशवीत घालू का म्हणावं तर तेही वाईट दिसणार. एवढ्यात बीजी परातीसकट बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातून डबा घेतला, खाटेवर बसून एक-एक पूड उघडलं, दशमीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"दूध विच गुन्नी है," म्हणाल्या.

"जी."

"चंगी है." मग त्यांनी गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. दहा मिनिटांत माझ्या दोन दिवसांच्या दशम्यांचे तुकडे होऊन सात-आठ घरी गेले. 'बंबईवाली भैण ने सारे मोहल्ले के लिए भेजी है' असं सांगून. मी बंबईची नाही हे सांगायची ती वेळ नव्हती. गूळपोळी सगळ्यांत आधी संपली. रिकामा डबा बीजींनी स्वतः राखेने घासला, पुसला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मांडला. आणि आमच्यापुढे मक्याची रोटी, साग, वर लोण्याचा गोळा. मामंजी घरी दीड पोळी खातात. तिथे तीन रोट्या खाल्ल्या आणि बीजी चौथी वाढायला आल्या तेव्हा ताटावर दोन्ही हात धरले. बीजींनी हातांच्या मधून वाढली.

मॅच तीनला होती. मैदानाच्या कडेने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून लोक बसले होते. बायकांची एक ट्रॉली वेगळी, तिच्यात मी आणि परमजीत. कोल्हापुरात आम्ही बायका मॅच बघायचो ती गच्चीवरून, अर्धा गोल दिसायचा. इथे पहिल्यांदा मला दोन्ही गोल दिसत होते. मामंजींसाठी दारजींनी खुर्ची मांडून ठेवली होती, पुढच्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी. मामंजींनी खुर्चीला नमस्कार केला आणि ते आपलं घडीचं स्टूल घेऊन बिट्टूच्या गोलामागे गेले. दारजींनी थोडा वेळ बघितलं, मग तेही उठून त्यांच्या मागोमाग गेले.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. मामंजी स्टूलवर बसलेच नाहीत. उभे राहून बिट्टूशी बोलत होते, अस्सल पेठेतल्या मराठीत. "पुढं हो. आता मागं. डावीकडं सरक, डावीकडं." हाताने खुणा चालू. बिट्टूला भाषा कळत नव्हती, पण हात कळत होते. चंडीगडवाल्यांची ट्रॉली टाळ्या वाजवत होती.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. बिट्टू पलीकडच्या गोलात गेला. मामंजी स्टूल उचलून तिकडे जातील म्हणून मी वाट बघत होते. ते हलले नाहीत. आता त्यांच्यापुढे माहिलपूरचा गोलकीपर उभा होता, तिथल्या शाळेतला मास्तर, भरघोस मिशांचा. पाच मिनिटं मामंजी हात पाठीमागे बांधून उभे होते. मग आपला, म्हणजे चंडीगडचा, एक खेळाडू चेंडू घेऊन एकटाच सुटला, समोर कोणी नाही, आणि मला मैदानाच्या या टोकाला स्वच्छ ऐकू आलं, "पुढं! पुढं ये, मास्तर!"

मास्तर पुढे आला. चेंडू त्याच्या छातीवर बसला.

त्यानंतर शेवटपर्यंत मामंजी मास्तरला सांगत राहिले आणि मास्तर ऐकत राहिला. चंडीगड एका गोलाने हरलं. मी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. परमजीत हसून हसून ट्रॉलीच्या कडेला टेकली होती. "बाऊजी ने तो हमें जिता दिया, भैणजी."

मॅच संपल्यावर चंडीगडची टीम मामंजींभोवती जमली. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. कॅप्टन म्हणाला, "बाऊजी, आपने दल बदल लिया?" आजकाल वर्तमानपत्रात रोज तेच वाचायला मिळतं, म्हणून सगळे हसले.

मी मामंजींना अर्थ सांगितला. त्यांना हसू आलं नाही. "त्यो मास्तर रेषेवरच उभा ऱ्हायला लागलाय," म्हणाले. "पुढं येईना. सांगायला कुणी नको?"

हे मी भाषांतर करून सांगितलं. बिट्टू म्हणाला, "ठीक ही तो कहते हैं."

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारजी मामंजींना आपल्या शेतावर घेऊन गेले. मी बरोबर होते, कारण दोघांमध्ये बोलायला कोणी तरी लागायचं. निदान मला तसं वाटत होतं. शेताच्या बांधाशी गुऱ्हाळ चालू होतं. बैल फिरत होते, चिपाडाचा जाळ, काहिलीत रस उकळत होता. त्या वासाने मामंजी जागीच थांबले. मीही थांबले. चंडीगडात येऊन मला सात वर्षं झाली, पण कोल्हापूरच्या वेशीवरचा तो वास मी विसरले होते हे मला तिथे कळलं.

मग दोघांचं सुरू झालं. रसातली मळी काढायला आमच्याकडे भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात. दारजी एका झाडाची साल भिजवून घालतात. मामंजींनी ती साल हातात घेऊन वास घेतला, बोटांत चोळून चिकटपणा बघितला, मान डोलावली. आमच्याकडे गुळाच्या मोठ्या ढेपा, इथे मुठीएवढे तुकडे, वर बडीशेप आणि ओवा. मामंजींना ओवा पटला नाही. त्यांनी तसं तोंड केलं. दारजींना ते कळलं आणि त्यांनी ओवा नसलेला तुकडा शोधून दिला. मी बांधावर बसून ऊस खाल्ला. मला कोणी काही विचारत नव्हतं.

निघायच्या आधी मात्र दारजींनी मला हाक मारली. "पुत, बाऊजी से पूछ. बैसाखी के बाद चंडीगड वाले फिर आएंगे, बदला लेने. बाऊजी आएंगे न?"

मामंजींना तेवढी हिंदी कळते. ते काहिलीकडे बघत म्हणाले, "तवर मी गावाकडं गेलो असणार."

मी सांगितलं.

"वहां कौन है?" दारजींनी विचारलं.

सरळ प्रश्न. आमच्या घरात जानेवारीपासून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. यांनी नाही, मी नाही. मामंजींचा हात बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला आणि परत आला.

"खोली हाय," ते म्हणाले.

"कमरा है," मी म्हटलं. याहून दुसरं भाषांतर मला येत नव्हतं.

दारजींनी मान हलवली. काही समजावलं नाही, आग्रह केला नाही. उलथण्यावर ताजा गूळ घेतला, पानावर टाकला, फुंकर मारली आणि मामंजींच्या हातात दिला. दोघं म्हातारे शेजारी बसून पान चाटत होते.

परत घरी पोचलो तेव्हा बस हॉर्न देत होती. बिट्टू पिशव्या चढवत होता, बीजी मला स्वेटरची लोकर देत होत्या, परमजीत दोन दिवस मागे राहणार होती म्हणून तिचे निरोप वेगळे, आणि मामंजी कुठे दिसत नव्हते. शेवटी स्वयंपाकघरातून आले. 'चला, चला' करत आम्ही बसमध्ये. घरोघरचे लोक आपापल्या पाहुण्यांना पोचवायला आले होते. मिशीवाला मास्तर खिडकीशी आला, मामंजींच्या पायांना हात लावायला उंची पुरेना, म्हणून खिडकीच्या दांडीला लावून कपाळाला नेला.

परतीच्या वाटेवर मामंजी झोपले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांची कानटोपी सरळ केली आणि बलाचौर ते रोपड मी खांदा हलवला नाही. नंतर तो दोन दिवस दुखला.

दिवे लागायच्या सुमाराला घरी पोचलो. यांनी खिचडी टाकून ठेवली होती, मीठ विसरून. जेवणं झाल्यावर मी यादी काढली आणि पिशव्या सोडल्या. गोळ्या, थर्मास बुचाशिवाय, घोंगडी, स्टूल. दहा वस्तू भरल्या. अकरावी नव्हती. सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. सासूबाईंचा डबा नव्हता.

मी कधी काही विसरत नाही. घरात सगळे हरवलेलं मला विचारतात. आणि विसरले ते हे, त्यांचं नाव असलेलं, गावाहून आणलेलं एकमेव भांडं. बीजींची फळी डोळ्यांपुढे आली. उद्याच परमजीतच्या यजमानांना सांगून मागवता येईल, हे सुचत होतं. पण आधी मामंजींना सांगणं भाग होतं. ते खाटेवर दूध पीत बसले होते. हे शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन.

"मामंजी, माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं. "आईंचा डबा माहिलपूरला राहिला."

"राहिला न्हाई. ठेवलाय."

"कोणी?"

"मी. बीजी त्या पिन्न्या, कणकीचं लाडू, भरून द्यायला लागल्या. रिकामा कसा द्यायचा म्हणत होत्या. म्हटलं, आत्ता नको. वैशाखीनंतर येतो, तवा भरा."

"हे कुठल्या भाषेत सांगितलंत?"

"हातानं."

मग, नीट विचारून घ्यावं म्हणून विचारलं, "वैशाखी एप्रिलात असते, मामंजी."

"म्हायती हाय."

"आणि तीन मार्चची गाडी?"

त्यांनी पेला खाली ठेवला. यांनी पेपरची घडी घातली आणि ती परत उघडली. मामंजी भिंतीकडे बघत होते.

"डबा तिचा हाय," म्हणाले. "असा परक्या घरी टाकून कसं जायचं?"

"दूध निवतंय," मी म्हटलं आणि पिशव्या आवरायला गेले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी यांनी ऑफिसात जाण्याआधी मामंजींचं तिकीट कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं, बरणीखाली. मी स्वयंपाक उरकून स्टेशनला गेले. स्टेशन शहरापासून लांब, बसला अर्धा तास. रांगेत पुढे सात माणसं होती. खिडकीतल्या क्लार्कने तिकीट उलटसुलट बघितलं.

"कॅन्सल? बुजुर्ग की तबियत तो ठीक है, भैणजी?"

"तबियत ठीक है. एक बरतन रह गया है, वह लाना है."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तो नई तारीख क्या लिखूं?"

"अभी मत लिखिए," मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला. परत येताना सतरा सेक्टरला उतरले आणि स्टीलच्या डब्याला नवी कडी बसवून घेतली. एप्रिलात जाताना एक डबा लागणार होताच, गूळपोळ्यांचा. बीजींच्या गल्लीत सात-आठ घरं आहेत.